चौथी हाक

बसा. लाइट यायला अजून अर्धा तास तरी जाईल, तोवर सांगून होईल. ती मेणबत्ती जरा अलीकडे घ्या, वाऱ्याला विझते.

भिंतीवरच्या त्या दोन खुंट्या बघून तुम्ही विचारलंत ना, इथं काय टांगलेलं असायचं म्हणून? बंदूक. आमच्या बाबांची बारा बोअरची, परवान्याची बंदूक. राई गावात आमची मिठागरं होती, थोडी भातशेती होती. रानडुकरं शेतात शिरायची, म्हणून पिकाच्या राखणीसाठी मिळालेला परवाना तो. पुढे शेतं गेली, मिठागरावर भराव पडला, बाबाही गेले. परवाना वारसाने माझ्या नावावर झाला आणि बंदूक भिंतीवरच राहिली. मी हार्डवेअरच्या दुकानात बसणारा माणूस. खिळे, पाइप, नायलॉनच्या दोऱ्या विकतो. त्या बंदुकीतून मी आयुष्यात एकही काडतूस उडवलेलं नव्हतं.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. मागच्या विधानसभेला मीही केली, आणि निकालानंतर डिसेंबरातल्या एका सकाळी ती परत आणायला गेलो. सोबत ईश्वर होता. ईश्वर म्हणजे माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, शांतीचा, धाकटा भाऊ; समुद्रकाठी तारोडीला राहतो. पावती दाखवली, सही केली, बंदूक जुन्या चादरीत गुंडाळली आणि रिक्षाने घरी निघालो. रिक्षात ती ईश्वरच्या मांडीवर होती. रस्ताभर तो चादरीवरून हात फिरवत होता, एखादं मूल निजवावं तसा.

घरी आल्यावर त्याने विषय काढला. मीरा रोडला टाइल्सचं दुकान असलेला कुलदीप आमच्या दोघांच्याही ओळखीचा. त्याची मोठी गाडी होती, आणि गुजरातमध्ये धरमपूरच्या पुढे डोंगरात त्याच्या ओळखीचा एक माणूस होता. तिकडे तितर मिळतात, रानकोंबडे मिळतात, नशीब असलं तर भेकर. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं लहान हरीण. हा गुन्हा आहे हे मला माहीत होतं. तिघांनाही माहीत होतं. पण बाबांनी ती बंदूक खांद्याला लावलेली मी लहानपणी पाहिली होती, आणि मला एकदा तसं उभं राहून बघायचं होतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

शांतीने भांडण काढलं नाही. निघताना डबा भरून दिला आणि दारात म्हणाली, "जित्या जिवाला मारून काय मिलनार हाय तुमाला?"

मी डबा पिशवीत टाकला.

बंदूक आणल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी कुलदीपचा फोन आला होता. त्याच्या माणसाने निरोप पाठवला होता की लगेच या, उद्या जंगल मोकळं आहे, फॉरेस्टवाले या बाजूला फिरकणार नाहीत. का फिरकणार नाहीत, ते आम्ही कुणी विचारलं नाही. मी दुकानातून नायलॉनच्या दोरीचं एक वेटोळं उचललं, शिकार गाडीच्या टपावर बांधायला लागेल म्हणून. काशीमिऱ्याला हायवेला लागलो आणि अंधार पडायच्या सुमारास त्या माणसाच्या घरी पोचलो.

त्याचं नाव धाकू. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. चुलीपाशी बसून त्याने सकाळचा बेत सांगितला. एका लांबट घळीत पुरुषभर उंच गवत आहे. घळीच्या वरच्या तोंडाशी ईश्वर बंदूक घेऊन खडकाआड बसेल; माझा नंबर पुढच्या घळीत. बाकी आम्ही तिघं खालून हाका घालत, म्हणजे आरडाओरडा करत, रान उठवत वर जायचं. गवतातून कुणी कुणाला दिसत नाही, त्यामुळे ओरडायचं पाळीने. उजवीकडून आधी धाकू, मग मधून कुलदीप, मग डावीकडून मी. तीन हाका पुऱ्या झाल्या की दहा पावलं पुढे. म्हणजे रांग सरळ राहते आणि कुणी पुढे जाऊन बंदुकीसमोर येत नाही.

"तीन हाका," धाकू म्हणाला. "तीनच मोजायच्या."

सकाळी उजाडत होतं तेव्हा आम्ही घळीच्या खालच्या टोकाला उभे होतो. धुकं इतकं होतं की हात लांब केला तर बोटं पुसट दिसत. गवत दंवाने भिजलेलं, पँट गुडघ्यापर्यंत ओली झालेली. कुठेतरी वर एक भेकर भुंकलं. खरंच कुत्र्यासारखं, पण कुत्रा भुंकताना मध्ये श्वास घेतो, हे घेत नव्हतं. ईश्वर केव्हाच वर जाऊन बसला होता. आम्ही पन्नास-पन्नास पावलांवर पांगलो. माझ्या डावीकडे घळीचा चढ होता, आणि तिकडे कुणी नव्हतं. हे लक्षात ठेवा.

धाकूची हाक आली. मग कुलदीपची. मग मी ओरडलो. दहा पावलं. पुन्हा धाकू, कुलदीप, मी. गवतातून काहीतरी फडफडत उडालं आणि धुक्यात गेलं. मला मजा वाटायला लागली होती, खोटं कशाला सांगू.

चौथ्या की पाचव्या खेपेला धाकू ओरडला, कुलदीप ओरडला, मी ओरडलो. आणि माझ्या डावीकडून, चढावरून, आणखी एक हाक आली.

"होऽऽऽ..."

बाईचा आवाज होता. जोरात नव्हता. दिवसभर ओरडून घसा बसलेल्या माणसाचा असावा तसा, लांबट, शेवटी खाली उतरत गेलेला.

मला वाटलं, गावातली कुणी लाकडाला आलेली बाई चेष्टा करत असेल. दहा पावलं गेलो. धाकू, कुलदीप, मी. आणि लगेच ती. चुकत नव्हती. माझी हाक संपली की एक श्वास जायचा, आणि ती द्यायची, जणू तिची पाळी ठरलेली होती. आम्ही पुढे सरकलो की तीही सरकत होती.

पुढच्या पाळीला धाकूने हाक दिलीच नाही. गवत सळसळलं आणि तो माझ्याजवळ आला. पाठोपाठ कुलदीपही आला. धाकूचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तुमी आयकलं?" त्याने हळूच विचारलं.

मी मान हलवली.

"तिला ओ देऊ नका. मागं फिरा... मोजू नका, मागं फिरा."

कुलदीपला घाम फुटला होता, त्या थंडीत. त्याला एवढंच कळत होतं की इथं अजून कुणीतरी आहे आणि त्याने आपल्याला बघितलंय. तो गाडीकडे चला म्हणत होता. आम्ही तिघंही वळलो. आणि आम्ही गप्प असताना, कुणाचीही पाळी नसताना, ती एकटीच ओरडली. या वेळी आवाज आणखी डावीकडून आला, लांबून. मग थांबली. मग पुन्हा. आता त्यात हाका घालणं नव्हतं. आपण एखाद्या माणसाला "इकडे, इकडे" करतो, तसं होतं ते.

मी का गेलो, ते मला नीट सांगता येत नाही. भीती होती. पण त्या आवाजात दमणूक इतकी होती की पाठ फिरवून जाववेना. मी चढाकडे निघालो. मागून धाकूने दोनदा हाक मारली, मग तोही शिव्या घालत माझ्यामागे आला, आणि एकटं राहायला नको म्हणून कुलदीपही.

चढ चढून वर गेलो तर पडलेल्या भिंती होत्या. दोन-चार घरांचा जुना पाडा असावा, आता गवत आणि बोरी माजलेल्या. तिथं एकही पक्षी बोलत नव्हता. भेकराचं भुंकणंही बंद पडलं होतं. ओल्या राखेसारखा वास येत होता, चूल पाणी मारून विझवली की येतो तसा. हाक अगदी जवळून आली, माझ्यासमोरून, चार हातांवरून.

मी पुढे पाय टाकला आणि धाकूने माझी कॉलर धरून मागे खेचलं. पायाखाली जमीन नव्हती. गवताने झाकलेली, कठडा नसलेली जुनी विहीर होती. माझ्या बुटाने ढकललेला दगड खाली गेला आणि कोरडा आवाज आला.

त्यानंतर खालून कुणीतरी कण्हलं.

मोबाइलचा टॉर्च मारला. तळाला पालापाचोळ्यात एक बाई पडली होती. अंगात खाकी शर्ट, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला.

धाकूने तिला ओळखलं आणि तो खालीच बसला. मग तो बोलला, आणि आम्ही ज्या गोष्टी विचारल्या नव्हत्या त्या सगळ्या कळल्या. ही मंदा. शेजारच्या गावची, वनखात्यात रोजंदारीवर वॉचर. आदल्या दिवशी सकाळी ती ड्युटीवरून घरी आली नाही असं कळलं, आणि सगळे फॉरेस्टवाले, सगळं गाव तिला नदीच्या बाजूला शोधत होतं, कारण तिकडे तिची चप्पल सापडली होती. म्हणून ही बाजू मोकळी होती. म्हणून आम्हाला निरोप आला होता.

मला शरम वाटली. ती अजून गेलेली नाही.

कुलदीपचं म्हणणं सरळ होतं. नेटवर्क मिळेल तिथून फोन करू, नाव न सांगता, आणि निघू. "बंदूक है साथ में, शिवदासभाई. अपने लोग अंदर जाएंगे." तो वाईट माणूस नाही. घरी त्याची दोन मुलं आहेत. पण फोन लागायला अर्धा तास, माणसं जमून इथवर यायला दोन-तीन तास. खालच्या बाईचं कण्हणं तेवढ्यात दोनदा थांबून पुन्हा सुरू झालं होतं.

मी धाकूकडे बघितलं. आम्ही तिघं मुंबईकडचे, वकील करून सुटलो असतो. खरा अडकणार होता तो. मंदाने त्याला दोनदा ताकीद दिलेली होती, हेही त्याने सांगितलं. तो उठला आणि कमरेचा पंचा सोडला.

"दोर आना," म्हणाला.

कुलदीप गाडीकडे धावला. नायलॉनची दोरी आली. तिघांत मी हलका, म्हणून मी उतरलो.

तळाला थंडी वेगळी होती. मंदा शुद्धीवर होती, पण तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ओठ फाटलेले, जीभ सुजलेली. मी कान तिच्या तोंडाला लावला तरी नुसता श्वास ऐकू आला. त्या घशातून हाक निघणं शक्य नव्हतं. तिचा उजवा हात अंगापासून लांब होता आणि मूठ अर्धवट मिटलेली, कुणाचा तरी हात धरावा तशी. मी बाटलीने तिचे ओठ भिजवले, तुटलेल्या पायाला फांदी बांधली, पंच्याची झोळी केली आणि तिला दोरीला अडकवलं. वरून दोघांनी ओढलं. ती हळूहळू वर गेली आणि विहिरीच्या तोंडाशी दिसेनाशी झाली.

मग मी एकटा राहिलो. दोरी सोडवून खाली टाकायला त्यांना दोन-तीन मिनिटं लागली असतील. वर धुक्याचं पांढरं वर्तुळ होतं. मी वरच बघत उभा होतो, कारण खाली बघायची हिंमत होत नव्हती. राखेचा वास आता अगदी जवळ होता. माझ्या डाव्या बाजूला कुणीतरी श्वास घेत होतं, शांतपणे, रांगेत उभं राहून वाट बघणाऱ्या माणसासारखं.

वरून धाकू ओरडला, ठीक आहात का म्हणून. मग कुलदीप ओरडला. आता मी ओ द्यायची होती. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. आणि माझ्या कानाशी, अगदी हलक्या आवाजात, माझ्याऐवजी कुणीतरी म्हणालं,

"होऽऽ..."

त्यात दुष्टपणा नव्हता. मी शपथेवर सांगतो. दोरी खाली आली ती मी कशी बांधली, वर कसा आलो, आठवत नाही.

ईश्वर तोवर येऊन पोचला होता. हाका थांबल्या म्हणून तो खडकावरून उठून आम्हाला शोधत निघाला होता. बंदुकीतून त्याने एकही काडतूस उडवलं नव्हतं. त्याने मंदाला बघितलं, बंदूक उघडून काडतुसं काढून खिशात टाकली, आणि तिला उचलायला खांदा दिला.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तिला आत घेतलं. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत राहिली नसती. आम्ही आवारात झाडाखाली बसलो होतो. तिथं धाकूने सांगितलं. त्याच्या आजाच्या वेळी बाहेरून साहेब लोक शिकारीला यायचे, तेव्हा हाका घालायला पाड्यातल्या बायकाही जायच्या. एकदा संध्याकाळी तितर मोजले, भेकरं मोजली, आणि साहेब लोक गेले. माणसं कुणी मोजली नाहीत. एक बाई परत आली नव्हती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. ती कोण, तिचं नाव काय, ते आता कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुपारी रेंजर साहेब मंदाला बघायला आले. मी उठलो, त्यांच्याकडे गेलो आणि सांगितलं की आम्ही शिकारीला आलो होतो, बंदूक गाडीत आहे, परवाना माझा आहे. कुलदीप माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. तो येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. ईश्वर आणि धाकूही आले.

बंदूक जप्त झाली, परवाना रद्द झाला. केस अजून चालू आहे. आम्ही तारखांना जातो, आणि जे झालं ते तसंच सांगतो. मंदाने आपल्या जबाबात आम्ही तिला कसं काढलं तेही लिहून दिलं. धाकूसाठी ती स्वतः साहेबांकडे जाऊन बोलली. गेल्या उन्हाळ्यात वणवा विझवणाऱ्या टोळीत त्याला हंगामी काम मिळालं. आता तो त्या डोंगरात खाकी शर्ट घालून फिरतो, आणि टोळी जंगलातून बाहेर पडताना माणसं मोजायचं काम त्याच्याकडे आहे.

त्या दिवशी दवाखान्यातून निघण्याआधी मी मंदाला भेटायला आत गेलो होतो. सलाइन लावलेलं, पाय प्लास्टरमध्ये. घशातून खरखरत थोडे शब्द फुटत होते. आभार वगैरे काही नाही. तिने मला एवढंच विचारलं,

"दुसरीला काढलं का?"

मी म्हटलं, खाली तू एकटीच होतीस. तिने मान वळवली आणि डोळे मिटले.

या फेब्रुवारीतल्या तारखेला शांती माझ्यासोबत आली. मंदासाठी उत्तनहून सुके बोंबील घेतले होते. मंदा थोडी लंगडते, पण डोंगर चढते. तिच्या लेकीचं लग्न ठरलंय, आम्ही पोचलो तेव्हा तिच्या घरात हसणं-खिदळणं चालू होतं. शांतीला ती खूप आवडली. जेवणं झाल्यावर मंदा ड्युटीवर निघाली आणि आम्ही तिच्यासोबत चालत गेलो, भर दुपारी, लख्ख उन्हात. विहिरीला आता कमरेएवढा दगडी कठडा आहे. भोवतालचं गवत कापलेलं असतं.

तिथं बसून मंदाने शांतीला सगळं सांगितलं. दोन रात्री एक बाई तिच्या उशाशी बसून होती. डोळा लागायला लागला की कपाळावर हात ठेवायची आणि म्हणायची, "झोपू नको. हाका येतील. आपल्याला मोजतील."

मंदा रोज त्या वाटेने जाते आणि पाण्याने भरलेला तांब्या दोरीला बांधून खाली सोडते. तांब्या रिकामा वर येतो. विहीर कोरडी आहे, तळाला ओल नसते, तिने टॉर्च मारून बघितलंय. हे सांगताना ती घाबरलेली नव्हती. शेजारणीबद्दल बोलावं तसं बोलत होती.

शांतीचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. ती तारोडीची, लहानपणापासून होडीचे दोर ओढलेली. दोर हातात आला की टोकाला काय आहे ते तिला न बघता कळतं. ती म्हणाली, आज मी सोडते. भरलेला तांब्या तिने खाली सोडला, दोर सैल पडेपर्यंत. आम्ही थांबलो. पलीकडच्या गवतात तितर बोलत होते, एकामागून एक. मग तिने दोर ओढायला घेतला, आणि दोन हात ओढून ती थांबली. माझ्याकडे बघितलं. उरलेला दोर तिने फार सावकाश वर घेतला, जणू पलीकडून कुणी सोडत होतं त्या मानाने.

तांब्या रिकामा होता. शांतीने तो दोन्ही हातांत धरला, मग माझ्या हातात दिला.

तेवढ्या खोल विहिरीतून आलेला पितळी तांब्या थंड असायला हवा होता. तो कोमट होता. सगळा नाही. दोन्ही बाजूंना, तळवे टेकतात तेवढाच.